कॅथरिनबायचं नाक

भुईगाव मागे पडलं तेव्हा उजाडत होतं. आमची एक जपमाळ पुरी झाली होती आणि दुसरी मध्यावर आली होती. कॅथरिनबाय पुढे, मी मागे. वयाच्या मानाने तिची चाल जोरात. एका हातात माळ, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत सुकेळ्यांचे पुडे. उन्हात वाळवलेली राजेळी केळी, केळीच्याच सुक्या सोपटात गुंडाळलेली आणि सोपटाच्याच दोरीने बांधलेली. रमेदीच्या चर्चमधल्या मातेला वाहायला नेत होतो. नाकाचा गेलेला वास परत आला तर आमच्या निर्मळहून रमेदीपर्यंत चालत येईन, हातची सुकेळी वाहीन, असा तिचा नवस होता. सोबतीला मी.

"दे गं पिशवी थोडा वेळ," मी म्हटलं.

"नको. नवस माझा, तर ओझंही माझंच. तू माळ चालू ठेव. मध्येच थांबलीस तर माता म्हणेल, ही लिली अर्धवट."

"माता असं बोलत नाही."

"माझ्या सासूच्या तोंडून बोलायची."

ती हसली. आम्ही दोघी आमच्या घरच्या बोलीत बोलत होतो. इथे सगळ्यांना कळावं म्हणून सरळ मराठीत लिहिते आहे.

पण माझं चित्त जपात लागत नव्हतं. मला मधूनच एक वास येत होता. नेलपॉलिश पुसायचं पाणी असतं ना, तसा, आणि त्याच्या आत शिळ्या ताडीची आंबूस झाक. समोरून वारा आला की यायचा, थांबला की जायचा. आधी वाटलं, रस्त्याकडेला कुणीतरी काही ओतलं असेल. पुढे एक बंद गॅरेज लागलं, तेव्हा वाटलं तिथला असेल. गॅरेज मागे पडलं, वास सोबतच राहिला.

कॅथरिनबायने मागे वळून पाहिलं. चेहरा असा खुललेला, जणू पोर नवे कपडे घालून पहिल्या कम्युनिअनला निघालं आहे.

"येतो ना गं तुला? केळ्याचा? कालपासून माझं घर नुसतं भरलंय."

मी "हो" म्हटलं. केळ्याचा वास येतच होता. तेवढं खोटं नव्हतं.

कॅथरिनबाय नंदाखालहून लग्न होऊन आमच्या आळीत आली तेव्हा मी शाळेत जात होते. तिचं घर आमच्या कुंपणाला लागून. नवरा ज्युलियस, पाच-सहा वर्षांपूर्वी वारला, वाडीत राबणारा माणूस. वाडी म्हणजे केळी, थोडी पानवेल, कडेला अबोली आणि मोगरा. त्या वेळी आळीत घरोघर सुकेळी व्हायची. अंगणात बांबूच्या तट्ट्या, तट्ट्यांवर सोललेली केळी, आणि कावळे हाकायला बसलेली म्हातारी माणसं. मग एकेकाने सोडलं. मेहनत फार, उस्तवारी फार, आणि पोरं नोकरीला लागलेली. शेवटी एकच घर उरलं, कॅथरिनबायचं.

तिच्या घराच्या मागच्या अंगाला एक बिनखिडकीची खोली आहे. राजेळीचं लोंगर, म्हणजे अख्खा घड, हिरवाच उतरवून त्या खोलीत ठेवायचा. खाली गवत, कोपऱ्यात मडक्यात भुशाचा धूर, दार बंद. धुराने आणि कोंडलेल्या हवेने केळी पिकायला लागतात. पण नेमकी कधी बाहेर काढायची, हे डोळ्यांना कळत नाही. आत अंधार, आणि धुराने सगळ्या साली सारख्याच काळपट. तिथे नाकाचं काम.

रोज सकाळी कॅथरिनबाय दार किलकिलं करायची, नाक आत घालायची आणि डोळे मिटायची. आम्ही मुली कुंपणाला टेकून बघायचो. तिच्या सासूने तिला जसं शिकवलं तसं तिने मला एकदा सांगितलं होतं. पहिल्यांदा कापलेल्या गवताचा वास. मग गोड. मग नुसतंच गोड, दोन-तीन दिवस, आणि माणूस तिथेच फसतो. थांबायचं. एका सकाळी गोडाच्या मागून लवंग येते. अगदी बारीक, जणू कुणी दूरच्या खोलीत लवंग चावतंय. ती आली की त्याच दिवशी केळी काढायची. आणखी राहिली तर दारू होते.

नंतर उन्हात. दिवसभर तट्टीवर, संध्याकाळी गोळा करून सोपटात बांधून ठेवायची, म्हणजे आतला ओलावा वर येतो. सकाळी परत उन्हात. बांधताना प्रत्येक पुड्याला नाक लावायचं. वरून सोनेरी दिसणारं केळं आत आंबलेलं असू शकतं. असा पुडा कॅथरिनबाय न उघडताच बाजूला टाकायची.

ज्युलियस म्हणायचा, "या बाईशी लग्न करू नका कुणी. माझ्या शर्टाला नाक लावून सांगते, कुणाच्या घरी चहा प्यालो ते."

"चहा असता तर बोललेच नसते," ती म्हणायची.

मोठ्या साथीच्या दुसऱ्या उन्हाळ्यात तिला ताप आला. ताप गेला, खोकला गेला, नाक परत आलं नाही. डॉक्टर म्हणाले येईल. लोकांचं येत होतं. माझं स्वतःचं पंधरवड्यात आलं. तिचं पावसाळा गेला, नाताळ गेला, तरी नाही.

वास नसला तर काय बिघडतं, असं आपल्याला वाटतं. मी तिच्याकडे बघून शिकले. दूध करपून घरात धूर झाला तरी ती शेजारी बसून वाटाणे सोलत होती. मासळीवाली आली की माशाचे कल्ले उघडून उघडून बघायची, आणि तरीही मला हाक मारायची, "लिली, ताजा आहे का गं?" जेवण नुसतं गोड, खारट, आंबट, तिखट, एवढंच. सारं काही ओल्या पुठ्ठ्यासारखं लागतं, म्हणायची. देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, माझ्या शेजारी बसायची ती एक जागा सोडून बसायला लागली. मी कारण विचारलं तर हळूच म्हणाली, "माझ्या अंगाला वास येतो का? खरं सांग. मला कसं कळणार?" दिवसातून तीनदा अंघोळ करत होती. साबणाचा तरी कुठे यायचा तिला.

आणि खोली बंद. नाक नाही तर सुकेळी कशी करायची? एक हंगाम तिने सोडला, दुसराही सोडला.

नेल्सन, तिचा एकुलता मुलगा, वालीवला एका एसेन्सच्या कंपनीत आहे. तिथे बाटल्यांत आणि ड्रमांत फळांचे वास बनतात. आइस्क्रीमवाले नेतात, गोळ्या-बिस्किटवाले नेतात, पोरांच्या औषधात घालतात. वाडी सोडून तो तिकडे गेला याचा कॅथरिनबायला राग. तो संध्याकाळी घरी आला की कपड्यांना केळ्याचा वास यायचा, पण असा, की ज्यात केळं कुठेच नाही. ती त्याला उंबऱ्यावरच अडवायची. "विहिरीवर जा आधी. खोट्या केळ्याचा वास घेऊन माझ्या घरात यायचं नाही."

वास गेल्यावर एके संध्याकाळी तो तसाच आत आला. तिच्या शेजारी खाटेवर बसला. तिने त्याला विहिरीवर धाडलं नाही. त्याने शर्टाची बाही तिच्या नाकाजवळ नेली. तरी नाही. मग तोच उठून विहिरीवर गेला आणि पाण्याचा आवाज करून रडला. ही गोष्ट त्याच्या बायकोने, मर्लिनने, मला सांगितली.

घर लहान पडत होतं. मागची खोली मोडून तिथे न्हाणीघर आणि एक निजायची खोली काढावी, असं नेल्सनच्या मनात होतं. त्याची काही चूक नव्हती, बंद खोलीत उंदीर झाले होते. कॅथरिनबायने एक वर्ष मागून घेतलं. "पुढच्या मातेच्या सणापर्यंत माझं नाक नाही आलं तर मोड. मी स्वतः पहिली वीट काढून देईन."

डॉक्टरांनी तिला वासाचा व्यायाम दिला होता. गुलाब, लिंबू, निलगिरी आणि लवंग. चार बाटल्या, सकाळ-संध्याकाळ, एकेक नाकाशी धरायची आणि तो वास आठवायचा. ती ओट्यावर बसून जप केल्यासारखा हा व्यायाम करायची. लवंग तर पदराच्या गाठीतही बांधलेली असायची.

"टोचते गं नाकाला," ती म्हणायची. "पण वास नाही. लवंग आहे ते कळतं, कारण मला माहीत आहे ती लवंग आहे."

मग नेल्सनने एक दिवस कंपनीतून एक छोटी बाटली आणली आणि बारीक कागदाच्या पट्ट्या. तिने त्या कंपनीतली वस्तू हातात घेतली ती पहिल्यांदा.

"हे काय?"

"केळं."

"पाणी दिसतंय."

"मम्मी, नाव मोठं आहे त्याचं. आयसोअमाइल ॲसिटेट. कंपनीत आम्ही नुसतं केळं म्हणतो. केळ्याचा ड्रम हलव, केळं सांडलं, असं. दारूच्या जातीचं एक द्रव्य आणि व्हिनेगरमधलं आम्ल, दोघांना गरम करून जोडायचं, की हे तयार होतं."

मी तिथेच होते. मी शाळेत प्रयोगशाळेची परिचर आहे, परीक्षानळ्या धुणं आणि भरणं हे माझं काम. दहावीच्या वर्गाला सर हेच दाखवतात. अल्कोहोल, आम्ल, वर सल्फ्युरिक आम्लाचे दोन-चार थेंब, नळी गरम पाण्यात उभी. थोड्या वेळाने मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात, कारण वर्गात फळ आलेलं असतं. याला एस्टर म्हणतात. पिकणारं फळ आगीशिवाय, आपल्या आत, हेच करत असतं. आधी ते इथिलीन नावाचा एक वायू सोडतं. त्याने ते स्वतः पिकतं आणि शेजारच्यालाही पिकवतं. कॅथरिनबायच्या धुराच्या मडक्यातूनही थोडा तोच वायू निघतो. मग पिठाची साखर होते, कच्चेपणाचा हिरवा वास मागे सरतो आणि एस्टर तयार होऊ लागतात. मी हे तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे सासूबाई बरोबर होत्या. एक पिकलं की दुसऱ्याच्या कानात सांगतं."

"पण मम्मी," नेल्सन म्हणाला, "खऱ्या केळ्यात हे एकटं नसतं हं. पुष्कळ असतात, शंभरावर. लवंगेतलं द्रव्यसुद्धा असतं थोडं. त्यातला हा मोठ्या आवाजाचा एक, म्हणून आम्ही त्याच्यावर भागवतो."

"ठेव तिथे," ती म्हणाली. "बघते."

तिने पाचवी बाटली म्हणून ती व्यायामात घेतली. यंदा माघात, एका सकाळी, मी पाणी भरत असताना तिने कुंपणावरून अशी हाक मारली की मला वाटलं कुणी पडलं. हातात कागदाची पट्टी, डोळ्यांतून पाणी.

"आलं! लिली, केळं आलं!"

तशीच अनवाणी वाडीत धावली. पिकलेलं एक केळं मोडलं, नाकाला लावलं. "यातही आहे! खऱ्यातही आहे!" मर्लिन बाहेर आली, नेल्सन दात घासता घासता आला. सगळ्यांना तिने एकेक तुकडा हुंगायला लावला, जणू आम्हालाच वास नव्हता. त्या संध्याकाळी नेल्सनने विहीर टाळली आणि सरळ आत आला. तिने त्याची बाही धरून नाकाला लावली आणि म्हणाली, "आज जेवून मग धू."

गुलाब आला नाही. लिंबू नाही, निलगिरी नाही, लवंगही नाही. तिला त्याची फिकीर नव्हती. "मागोमाग येतील. माता अर्धं देऊन थांबत नाही."

उन्हाळ्यात तिने खोली झाडली, मडकं घातलं, लोंगरं उतरवली. आधी दोनच पिकत घातली, नवसाची. बाकीची मागाहून, ती वाळत असताना, आत ठेवली. रोज दार किलकिलं करून नाक आत घालायची, डोळे मिटायची, तशीच. मी कुंपणाला टेकून बघत होते आणि मलाही वाटलं की झालं, सगळं परत आलं. नवसाची सुकेळी मातेला वाहायच्या आधी घरात कुणी चाखायची नाहीत, ही तिच्या सासूची रीत. कुणी चाखली नाहीत. त्या आठवड्यात आभाळ भरून येत होतं, ऊन कधी होतं कधी नव्हतं. ती संध्याकाळी पुडे बांधताना गात होती. मर्लिन शेजारी बसून दोरी वळत होती.

आज पहाटे निघताना मर्लिन फाटकापर्यंत आली. माझा हात धरला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि सासूकडे बघून मिटलं. मी समजले, घरी लवकर या असं म्हणायचं असेल.

गिरीजला एका पिंपळाच्या पाराशी आम्ही टेकलो. सायकलला दोन्हीकडे पावाच्या पिशव्या लटकावून आग्नेल येत होता. ज्युलियसचा जुना दोस्त, पावाच्या फेरीला निघालेला. आम्हाला बघून उतरला.

"काय कॅथरिन, कुठे स्वारी?"

"रमेदीला. नवस आहे."

"पायी? नवे गुडघे बसवून घेतलेस काय?" तो जवळ आला, आणि नाक वर केलं. "आणि हे काय? देवाच्या वाटेला क्वार्टर घेऊन निघालीस?"

"तुझ्या पावाचं खमीर आंबलंय, त्याचा वास तुला."

"माझं खमीर मला ठाऊक आहे." त्याने पिशवीकडे बोट केलं. "यातून येतोय. मातेला पाजणार की काय? ज्युलियस असता तर खूश झाला असता. म्हणाला असता, बाई शेवटी वाटेवर आली."

तो मोठ्याने हसला. कॅथरिनबायही हसली. त्याने आम्हाला एकेक गरम पाव दिला, मातेला माझंही सांगा म्हणाला आणि घंटी वाजवत गेला.

ती पाव हातात धरून बसली. मग माझ्याकडे वळली.

"चेष्टा करत होता ना?"

मी पावाचा तुकडा मोडत होते. तो मोडून झाला, आणखी मोडायला काही उरलं नाही.

"लिली."

"नाही, बाय," मी म्हटलं. "मलाही येतोय. भुईगावपासून. आंबलीत ती."

तिने पिशवी मांडीवर घेतली, एक पुडा काढला, दोरी सोडली. सुकेळी दिसायला सुरेख होती. मधाच्या रंगाची, चकचकीत. पण सोपट उघडताच असा भपकारा आला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिने पुडा चेहऱ्याशी धरला आणि लांब श्वास घेतला. एकदा. परत एकदा.

"केळं," ती म्हणाली. "मला केळंच येतंय. छान येतंय."

मग तिने पदराची गाठ सोडली, त्यातली लवंग दातांनी मोडली आणि नाकाशी धरली. कितीतरी वेळ धरून बसली. गाडी गेली, मागून दुसरी गेली. मी मनात मातेला हाक मारत होते, फार काही मागत नव्हते, एवढी लवंग येऊ दे म्हणत होते.

तिने लवंग पारावर ठेवली.

"नेल्सनच्या बाटलीत जेवढं होतं तेवढंच आलंय," ती म्हणाली. "देवळात अख्खी क्वायर गातेय आणि मला एकच गळा ऐकू येतो. तो मोठ्याने गातोय, म्हणून मी समजले मिस्सेची प्रार्थना नीट चाललीय."

"केळं सडलं तरी तो वास राहतोच, बाय. तुला कळायचं कसं?"

"मला लवंगेची वाट बघायला हवी होती." तिने पारावरची लवंग बोटाने फिरवली. "बघितली होती गं. एका सकाळी मला वाटलं आली. वाटलं."

मग तिने विचारलं, "मर्लिनला माहीत होतं?"

मी पावाचे तुकडे गोळा करू लागले. फाटकावरचा तो हात मला आत्ता कळला होता.

"म्हणजे होतं. मी गात होते म्हणून बोलली नसेल पोरगी." तिने सोपट परत गुंडाळलं, दोरी पहिल्यासारखी नीट बांधली. नासलेल्या पुड्याला एवढी घट्ट गाठ कशाला, मला कळेना. "नेल्सनलाही असेलच. रोज वासातच काम करतो तो. घरातली सगळी नाकं शाबूत आणि सगळी मुकी."

"परत फिरू या का?"

"नवस बोलले होते चालत येईन म्हणून. नाक अर्धं आलं म्हणून अर्ध्या वाटेवर फिरायचं? चल."

होळी नावाचं गाव आलं, मग पापडी आली. ऊन वर चढलं तसा पिशवीचा वास वाढला. पापडीच्या बाजारात दोन माणसांनी वळून पाहिलं. तिने ते पाहिलं. आता कारण ठाऊक असल्यामुळे ती पिशवी छातीशी घट्ट धरून, रस्त्याच्या अगदी कडेने चालायला लागली. माळ तिने माझ्याकडे दिली होती. राहिलेला जप मी एकटीने केला.

रमेदीला देवळात सणाच्या दिवसांची गर्दी होती. लोक फुलं, मेणबत्त्या, कुणी नारळ, कुणी दुखणं बरं व्हावं म्हणून वाहायचे मेणाचे हात-पाय घेऊन रांगेत उभे. मेणाचं नाकही मिळतं का, तिने विचारलं, आणि मी हसू की नको असं झालं. पिशवी तिने आत नेली नाही. बाहेर भिंतीच्या सावलीत, चपलांच्या बाजूला ठेवली. "आत नको. लोकांना त्रास. तिलाही." रिकाम्या हाताने रांगेत लागली. पुढे गेल्यावर मातेच्या पायांना हात लावला, एक मेणबत्ती लावली, आणि शेवटच्या बाकावर येऊन बसली. माझ्यापासून एक जागा सोडून. मी सरकून तिच्या शेजारी गेले. ती सरकली नाही.

"काय मागितलंस?" बाहेर आल्यावर मी विचारलं.

"काही नाही. काय मागायचं? तिने दिलं नाही असं नाही. मीच जास्त समजले."

बसथांब्यावर सावली नव्हती. ती पिशवी पायांमध्ये ठेवून उभी राहिली. सुकेळी वाडीत केळीच्या बुडाशी पुरायची, म्हणाली, कुत्र्यालाही घालायची नाहीत. खोली नेल्सनने मोडायला हरकत नाही. न्हाणीघर हवंच आहे, मर्लिनला सकाळी फार धावपळ होते. हे सगळं ती उद्याचा बाजार सांगावा तसं सांगत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"तुझं केळं तरी राहिलं," मी म्हटलं.

"राहिलं. नेल्सनचं आहे ते. त्याला नको सांगू हं असं काही. मी सांगेन माझ्या पद्धतीने." तिने रस्त्याकडे पाहिलं. बस दिसत नव्हती. "लिली, सासूबाईंनी मला सांगितलेला तो वास मला अजून आठवतो. गवत, मग गोड, मग लवंग. आठवतो, पण रोज थोडा पुसट होतो. काल मला गवताचा आठवायला वेळ लागला."

मी उन्हाच्या बाजूला सरकून तिच्यावर सावली धरली.

"खोलीत अजून लोंगरं आहेत. आतली ती शेवटची. ती तरी नीट उतरू देत, मग मोडू दे खोली." तिने माझा हात धरला, मर्लिनने पहाटे धरला होता तसाच. "तू उद्या सकाळी ये. रोज ये. दार मी उघडते, तू आत जा, डोळे मीट. मी बाहेरून सांगेन काय शोधायचं ते. लवंग आली की हाक मार. पण मला बरं वाटावं म्हणून उगाच लवकर हाक मारू नको."